७९ द्या, एकोणऐंशी घ्या: एक्सएमएलवर चालणारी वेब सेवा बांधायला शिकताना

संख्या मराठीत अक्षरी लिहून देणारा प्रोग्राम करायला बसलात, तर पहिल्या दहा मिनिटांतच कळतं की इथे नियमाने भागत नाही. इंग्रजीत विसाच्या पुढे दोन शब्दांच्या जोड्या लावत गेलं की निभावतं. मराठीत एक ते शंभर सगळे शब्द पाठच करावे लागतात. एकोणतीस, एकोणसाठ, एकोणऐंशी, एकोणनव्वद असा ‘एकोण’चा धागा सापडला म्हणून खूश व्हावं, तर नव्याण्णव येऊन तोही तोडून टाकतो. मग शंभर शब्दांची यादी हाताने भरा, शे-हजार-लाख-कोटी जोडा, दीडशे-अडीचशेचं काय करायचं ते ठरवा. एकाने ही उस्तवार नीट केली असेल, तर दुसऱ्याने ती पुन्हा का करावी?

आता समजा तुमचा हा प्रोग्राम पायथनमध्ये आहे. ज्याला तो हवाय त्याचं पावत्या छापायचं काम जावामध्ये चालतं, आणखी एकाचं जावास्क्रिप्टमध्ये. तुमचा कोड त्यांच्या कामाचा नाही. त्यांना हवंय ते उत्तर. ‘मला ७९ पाठवा, मी एकोणऐंशी परत पाठवतो’ एवढा करार झाला की कोणी कुठल्या भाषेत काय लिहिलंय याच्याशी कोणालाच देणंघेणं उरत नाही. एका प्रोग्रामने दुसऱ्याला नेटवर्कवरून असं विचारायचं आणि उत्तर घ्यायचं, म्हणजे वेब सेवा. वेबसाइट माणसांसाठी असते, ही प्रोग्रामसाठी. रंग नाहीत, बटणं नाहीत, नुसता मजकूर जातो आणि मजकूर येतो.

शिकवण्याची रूढ पद्धत अशी, की आधी एखादं मोठं टूल बसवायचं, त्यात एक बटण दाबायचं, बारा-पंधरा फायली आपोआप तयार होतात आणि सेवा चालू लागते. चालते तोवर सगळे आनंदात असतात. बिघडली की कोणालाच काही सांगता येत नाही, कारण दोन प्रोग्राममध्ये प्रत्यक्ष काय बोलणं होतंय ते कोणी पाहिलेलंच नसतं. माझं मत उलट आहे. पहिली सेवा हाताने बांधावी, अगदी गचाळ झाली तरी चालेल, आणि जाणारा-येणारा मजकूर डोळ्यांनी वाचावा. टूल नंतर आहेतच.

मजकूर कसा मांडायचा

नुसतं ‘७९’ पाठवलं तरी आजचं काम होईल. पण उद्या त्याच्यासोबत आणखी काही पाठवायचं झालं, की कुठला आकडा कशाचा हे सांगावं लागेल. एक्सएमएलची कल्पना एवढीच आहे: प्रत्येक माहितीच्या अलीकडे-पलीकडे तिचं नाव लिहायचं.

<मागणी>
  <संख्या>७९</संख्या>
</मागणी>

आणि उत्तर:

<उत्तर>
  <अक्षरी>एकोणऐंशी</अक्षरी>
</उत्तर>

या कंसांतल्या खुणा म्हणजे टॅग. त्यांची नावं देवनागरीत पाहून दचकू नका. हे खरंखुरं, नियमात बसणारं एक्सएमएल आहे. नावं इंग्रजीतच हवीत असं एक्सएमएलने कधीच म्हटलेलं नाही; युनिकोडमधली (जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणारं प्रमाण) बहुतेक लिप्यांची अक्षरं नावात चालतात. व्यवहारात मात्र सगळे इंग्रजी नावं वापरतात, कारण समोरचा प्रोग्रामर कुठल्या देशातला असेल ते माहीत नसतं.

एक्सएमएल १.० हे डब्ल्यू३सी या वेबची प्रमाणं ठरवणाऱ्या संस्थेने १० फेब्रुवारी १९९८ रोजी प्रमाण म्हणून जाहीर केलं. त्याआधी एसजीएमएल नावाची एक अवाढव्य भाषा होती, १९८६ साली आयएसओचं प्रमाण झालेली. तिच्यात इतक्या सवलती आणि इतके अपवाद होते की तिच्यासाठी पूर्ण पार्सर लिहिणं हेच एक दिव्य होतं. (पार्सर म्हणजे मजकूर वाचून त्यातले टॅग, नावं, मजकूर वेगवेगळे करून देणारा प्रोग्राम.) एक्सएमएल हे तिचंच छाटलेलं रूप. छाटताना सवलती काढल्या आणि एक कडक नियम घातला: बांधणी चुकली की पार्सरने तिथेच थांबायचं. उघडलेला टॅग बंद केला नाही, आत उघडलेला बाहेर बंद केला, एकाहून जास्त मूळ टॅग लिहिले, तर पुढे वाचायचंच नाही. ब्राउझर एचटीएमएलमधल्या असल्या चुका पोटात घालतो आणि काहीतरी दाखवतोच. एक्सएमएलचा पार्सर त्या बाबतीत जमदग्नी आहे. शिकताना याचा राग येतो, पण दोन प्रोग्राम बोलत असताना अंदाजाने अर्थ लावण्यापेक्षा ‘मला कळलं नाही’ म्हणणं केव्हाही परवडतं.

पोचवायचं कसं

मजकूर तयार झाला. तो पोचवायला नवी वाट काढायची गरज नाही, वेबपानं ज्या एचटीटीपीवरून येतात तेच पुरतं. एचटीटीपीची विनंती म्हणजे वरती काही ओळींचं डोकं, मग एक रिकामी ओळ, मग धड. डोक्यात पत्ता असतो, ‘गेट’ (नुसतं मागणं) की ‘पोस्ट’ (धडात काही पाठवणं) ते असतं, धडात कुठल्या प्रकारचा मजकूर आहे ते असतं आणि धड किती लांब आहे तेही. आपण पोस्ट वापरू आणि धडात वरचं एक्सएमएल घालू.

पायथनमध्ये यासाठी बाहेरून काहीच आणावं लागत नाही. एचटीटीपीचा छोटा सर्व्हर, म्हणजे विनंत्या घेऊन उत्तरं देणारा प्रोग्राम, भाषेसोबतच मिळतो. तो शिकण्यापुरताच आहे, जाहीर वापरासाठी घेऊ नका असं त्याच्या माहितीपत्रकातही लिहिलंय. एक्सएमएल वाचायला-लिहायला एलिमेंटट्री नावाचं मॉड्यूलही सोबतच असतं. तुम्ही एक क्लास लिहिता आणि त्यात ‘पोस्ट आली की काय करायचं’ याचं एक फंक्शन. त्यात पाच-सहा कामं: डोक्यातून लांबी वाचायची, तेवढेच बाइट धडातून उचलायचे, ते पार्सरला द्यायचे, त्याने दिलेल्या झाडातून (टॅगच्या आत टॅग अशी मांडणी) ‘संख्या’ शोधायची, अक्षरी करणारं तुमचं जुनं फंक्शन बोलवायचं, उत्तराचं झाड बांधून परत पाठवायचं. तीसेक ओळींत होतं.

‘तेवढेच बाइट’ हे शब्द सहज लिहिलेले नाहीत. लांबी न सांगता ‘सगळं वाच’ म्हटलं, तर प्रोग्राम तसाच अडकून बसतो. समोरच्याने जोडणी उघडी ठेवलेली असते आणि आपण ‘अजून काही येईल’ म्हणून वाट बघत राहतो. एरर येत नाही, काही होतच नाही. नवशिक्याची एक अख्खी संध्याकाळ इथे सहज जाते.

त्याहून फसवी गोष्ट परतीच्या वाटेवर आहे, आणि ती मराठीत काम करणाऱ्यालाच गाठते. ‘एकोणऐंशी’ हा शब्द किती लांब? वाचणाऱ्याला पाच अक्षरं दिसतात: ए, को, ण, ऐं, शी. पायथनला विचारलंत तर तो आठ म्हणेल, कारण युनिकोडमध्ये काना-मात्रा-अनुस्वार सुटे मोजतात: ए, क, ओकार, ण, ऐ, अनुस्वार, श, ईकार. आणि यूटीएफ-८ मध्ये (युनिकोडची चिन्हं बाइटमध्ये लिहिण्याची रूढ पद्धत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, म्हणून नेटवर्कवरून जातात २४. एचटीटीपीच्या डोक्यात लांबी लिहायची ती बाइटमध्ये. तुम्ही स्ट्रिंगची, म्हणजे मजकुरातल्या चिन्हांची, लांबी मोजून आकडा लिहिलात, तर तो १६ ने कमी पडतो (टॅग इंग्रजीत आहेत असं धरून). समोरचा सांगितलेले तेवढेच बाइट वाचतो, शेवटचे १६ राहून जातात. शेवटी काय असतं? बंद करणारे टॅग. पार्सर ओरडतो की टॅग बंदच केलेला नाही. तुम्ही कोड पुन्हा पुन्हा बघता, तिथे टॅग व्यवस्थित बंद केलेला असतो. इंग्रजी मजकुरावर चाचणी घेतली तर ही चूक कधी दिसतच नाही, कारण तिथे एक अक्षर म्हणजे एकच बाइट. उपाय साधा आहे: आधी मजकुराचे बाइट करा, मग लांबी मोजा.

याच भागातला आणखी एक धक्का. एलिमेंटट्रीला झाडाचा मजकूर करून मागताना यूटीएफ-८ हवं असं सांगितलं नाही, तर ती प्रत्येक देवनागरी चिन्हाच्या जागी त्याचा क्रमांक लिहिते: ‘ए’च्या जागी &#२३१९; असं काहीतरी (प्रत्यक्षात इंग्रजी अंकांत). एकोणऐंशीचे २४ बाइट ५६ होतात आणि डोळ्यांना नुसता कचरा दिसतो. चूक नाही ती. समोरचा पार्सर त्यातून बरोबर एकोणऐंशीच काढतो. पण बघणारा घाबरून फॉन्ट शोधत बसतो.

स्ट्रिंग जोडून एक्सएमएल करू नका

माझ्या पहिल्या सेवेत मी उत्तराचं झाड-बिड बांधत नव्हतो. सुरुवातीचा टॅग, मग शब्द, मग शेवटचा टॅग, अधिकच्या चिन्हाने जोडले की झालं. महिनोन्‌महिने नीट चाललं. मग एक दिवस ती वापरणाऱ्याचा फोन आला, ‘तुमचं एक्सएमएल मोडकं येतंय.’ मी ५ पाठवून पाहिले, ७९ पाठवून पाहिले, एक हजार पाठवून पाहिले. उत्तर चोख. त्याला म्हटलं, तुमच्याकडेच काहीतरी गडबड असणार.

तो पाठवत होता उणे संख्या. ऋण संख्येला माझी सेवा एरर देत असे, आणि त्या एररचा मी मोठ्या हौसेने लिहिलेला मजकूर होता: ‘संख्या < ० चालत नाही’. एक्सएमएलमध्ये ते चिन्ह म्हणजे टॅगची सुरुवात. पार्सरला तिथे टॅगचं नाव हवं होतं, मिळाली मोकळी जागा, आणि त्याने पुढे वाचणं सोडलं. म्हणजे माझी सेवा चूक सांगताना तेवढी चुकत होती. ज्या क्षणी समोरच्याला नीट निरोप मिळायला हवा, नेमका त्याच क्षणी त्याला काहीच कळत नव्हतं.

मजकुरात ते चिन्ह हवंच असेल तर त्याच्या जागी अँपरसँड, मग ‘एल’ आणि ‘टी’ ही इंग्रजी अक्षरं, मग अर्धविराम असं लिहावं लागतं. अँपरसँडचं स्वतःचंही असंच एक रूप आहे. अशी पाच रूपं एक्सएमएलमध्ये आधीपासून ठरलेली आहेत. ती पाठ करायची गरज नाही. झाड बांधा, त्याच्या पानाला म्हणजे सगळ्यांत आतल्या टॅगला मजकूर द्या; चिन्हं बदलण्याचं काम मॉड्यूल न सांगता करतं.

टॅगला आडनाव

थोडं पुढे गेलात की एक विचित्र अडचण येते. समोर एक्सएमएलमध्ये ‘संख्या’ टॅग धडधडीत दिसत असतो आणि तुमचा कोड म्हणतो, असा टॅगच नाही. अशा वेळी बहुधा नेमस्पेस आडवी आलेली असते.

वर्गात दोन सविता असल्या की आडनावाने हाक मारावी लागते. तुमच्या करारात ‘संख्या’ आहे, दुसऱ्या कोणाच्या करारातही ‘संख्या’ असेल, आणि एखाद्या संदेशात दोन्ही एकत्र येतील. म्हणून १९९९ मध्ये नेमस्पेसचं प्रमाण आलं: टॅगच्या नावाला एक आडनाव जोडायचं, आणि आडनाव म्हणून वेबपत्त्यासारखी एक ओळ वापरायची, म्हणजे ते जगात दुसऱ्या कोणाचं निघणार नाही. प्रत्येक टॅगमध्ये एवढी लांब ओळ लिहिणं जिवावर येतं, म्हणून वरती एकदा तिचं छोटं टोपणनाव ठरवतात आणि <अ:संख्या> असं लिहितात. टोपणनाव कुठलंही चालतं, ओळख ठरते ती पूर्ण ओळीवरून. आणि ती ओळ नुसती ओळखच आहे. ती ब्राउझरमध्ये टाकून काही उघडेलच असं नाही, पार्सरही तिथे जाऊन बघत नाही. शेवटची तिरकी रेघ कमी-जास्त झाली तरी आडनाव वेगळं समजतात. एलिमेंटट्रीमध्ये शोधताना पूर्ण आडनाव महिरपी कंसात घालून पुढे नाव लिहावं लागतं. नुसती ‘संख्या’ मागितलीत तर हाताला काहीच लागत नाही.

तयार करार

आपण ‘मागणी’, ‘संख्या’, ‘उत्तर’ ही नावं मनाने ठरवली. प्रत्येकाने अशी आपापली ठरवली तर प्रत्येक सेवेसाठी वेगळा कोड लिहावा लागेल. म्हणून वेष्टन तरी सगळ्यांचं सारखं असावं असे प्रयत्न झाले. सुरुवातीचा एक म्हणजे एक्सएमएल-आरपीसी, १९९८ सालचा. त्यात कुठलं फंक्शन बोलवायचं त्याचं नाव आणि त्याला द्यायच्या किमती एवढंच एका ठरलेल्या साच्यात जातं. पायथनमध्ये तो सोबतच मिळतो. आपलं फंक्शन त्याच्याकडे नोंदवलं की सेवा उभी. शिकायला याच्याइतकं गोड काही नाही. एक मेख आहे. त्याचा पूर्णांक ३२ बिटांचा. म्हणजे आपल्या सेवेला जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ विचारता येतात: दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. तीन अब्ज विचारायला गेलात तर पायथनचा क्लायंट (विचारणारा प्रोग्राम) आकडा पाठवायलाच नकार देतो. मोठ्या संख्या स्ट्रिंग म्हणून पाठवाव्या लागतात.

त्याच कुळातून सोप नावाचं वेष्टन आलं. सोप १.१ मे २००० चं, १.२ जून २००३ मध्ये डब्ल्यू३सीचं प्रमाण झालं. रचना पत्राची आहे. खरे टॅग इंग्रजीत असतात, पण आकृती अशी:

<लिफाफा>
  <शीर्ष>...</शीर्ष>
  <मजकूर>
    <मागणी>
      <संख्या>७९</संख्या>
    </मागणी>
  </मजकूर>
</लिफाफा>

शीर्षात कामाव्यतिरिक्तच्या गोष्टी: विचारणारा कोण, सही खरी का, संदेशाचा क्रमांक काय. मजकुरात प्रत्यक्ष काम. चूक झाली तर मजकुरात ‘फॉल्ट’ नावाचा ठरलेला टॅग येतो, आणि चूक पाठवणाऱ्याची की सर्व्हरची हे त्यात सांगावं लागतं. हा भाग मला मनापासून आवडतो. ऋण संख्या पाठवली ही त्याची चूक, तीच विनंती पुन्हा पाठवून उपयोग नाही. माझा डेटाबेस पडला ही माझी चूक, थोड्या वेळाने पुन्हा विचारावं. एवढा एक फरक नीट सांगितला तरी समोरच्याचा निम्मा त्रास वाचतो.

सेवेत कोणती कामं आहेत, प्रत्येकाला काय द्यायचं, काय मिळतं हे सांगणारी फाइल म्हणजे डब्ल्यूएसडीएल. तीही एक्सएमएलमध्येच. ती फाइल टूलला दिली की ते तुमच्या भाषेत बोलवायचा कोड बनवून देतं. सुरुवातीला म्हटलेल्या बारा-पंधरा फायली त्या याच. आता त्या उघडून पाहिल्यात तर आत ओळखीची मंडळी भेटतील: झाड बांधणं, नेमस्पेस, लांबी, पोस्ट. जावाच्या जुन्या धड्यांवरून शिकणाऱ्यांसाठी एक सूचना. सोपची ही यंत्रणा जावा ६ पासून भाषेसोबतच येत असे, जावा ११ मध्ये ती काढून टाकली. धडा बरोबर टाइप करूनही पॅकेज सापडत नसेल तर दोष तुमचा नाही, ती लायब्ररी आता वेगळी जोडावी लागते.

सगळ्या जगातल्या सेवांची एक जाहीर सूची असावी, प्रोग्रामने तीत स्वतःच सेवा शोधून वापरावी, असंही एक स्वप्न होतं. त्याचं नाव यूडीडीआय. आयबीएम, मायक्रोसॉफ्ट आणि सॅप यांनी अशा जाहीर सूची चालवल्या आणि २००६ मध्ये बंद केल्या. अनोळखी सेवेवर डोळे मिटून काम सोपवायला कोणी तयार नव्हतं.

किमतींचे प्रकार पक्के करायला एक्सएमएल स्कीमा आहे, २००१ चा. ‘संख्या’मध्ये पूर्णांकच हवा असं त्यात लिहिता येतं. इथे देवनागरीची एक गंमत पाहा. या लेखात मी ७९ देवनागरी अंकांत लिहितोय. तसेच अंक खऱ्या संदेशात पाठवले तर? पायथनचं पूर्णांक करणारं फंक्शन ते निमूटपणे एकोणऐंशी म्हणून घेतं. जावाचंही घेतं. जावास्क्रिप्ट म्हणते, हा आकडाच नव्हे. आणि स्कीमाचा पूर्णांक फक्त इंग्रजी अंक ओळखतो, देवनागरी अंक दिसले की संदेश दारातच अडवतो. स्कीमा नसता तर एका भाषेत चालतंय आणि दुसरीत नाही, असा घोळ कितीतरी दिवस सापडला नसता.

मग जेसन कशाला आलं?

कारण वरचं सगळं वाचून तुम्हीही दमलात. एका आकड्यासाठी लिफाफा, शीर्ष, आडनावं, स्कीमा! जेसन ही माहिती मांडायची दुसरी, आटोपशीर पद्धत. तिच्यात तेच एका ओळीत मावतं आणि जावास्क्रिप्टला ते जन्मापासून कळतं. नवी सेवा स्वतःच्या मनाने बांधत असाल आणि देवाणघेवाण साध्या नोंदींची असेल, तर जेसन घ्या. एक्सएमएलचा आग्रह धरण्यात अर्थ नाही.

दुसरा बदल विचाराचा होता. रॉय फील्डिंग यांनी २००० साली पीएचडीच्या प्रबंधात रेस्ट ही मांडणी केली. आपल्या सेवेला लावून पाहिलं की ती लगेच पटते. सोपमध्ये जवळपास प्रत्येक विचारणा पोस्ट म्हणून जाते, आणि पोस्ट म्हणजे काहीतरी बदलायचं असेल, असं वाटेतले सगळे सर्व्हर धरून चालतात. उत्तर कोणी साठवून ठेवत नाही. पण ७९ ला उद्याही एकोणऐंशीच म्हणणार आहेत. प्रत्येक संख्येला स्वतःचा पत्ता द्या आणि तो ‘गेट’ने मागू द्या. मग मधल्या कुठल्याही कॅशेने (उत्तरं साठवून ठेवणारी वाटेतली जागा) ते उत्तर जपून ठेवावं, सर्व्हरपर्यंत यायचीच गरज नाही. शिवाय उत्तर वाटेत हरवलं तर पुन्हा विचारायला धोका नाही. पैसे पाठवायच्या सेवेत मात्र तो धोका आहे: विनंती पोचली, पैसे गेले, पोच तेवढी हरवली. पुन्हा पाठवली तर दोनदा जातील. म्हणून अशा विनंतीला तिचा स्वतःचा क्रमांक द्यावा आणि तो आधी येऊन गेला असेल तर सर्व्हरने जुनंच उत्तर द्यावं. हे जेसन असो वा एक्सएमएल, सुटत नाही.

एक्सएमएल तरीही शिकावं लागतं, कारण करार नेहमी तुम्ही ठरवत नाही. बँकांमधल्या संदेशांचं आयएसओ २००२२ हे प्रमाण प्रामुख्याने एक्सएमएलमध्ये चालतं. वर्डची डॉकएक्स फाइल झिपसारखी उघडलीत तर आत एक्सएमएलच निघतं. ईपब या ई-पुस्तकांचं तेच, एसव्हीजी चित्रांचं तेच, बातम्यांच्या आरएसएस यादीचंही तेच. आणि वाक्याच्या मधोमध एखाद्या शब्दाला खूण करायची असेल, तर जेसनची कसरत बघवत नाही, तिथे टॅगच शोभतात.

कोणाचंही एक्सएमएल घरात घेताना

आतापर्यंत पाठवणारा सज्जन आहे असं धरलं. सेवा जाहीर केली की तसं धरता येत नाही. एक्सएमएलमध्ये स्वतःची लघुरूपं ठरवायची सोय आहे: हे छोटं नाव दिसलं की तो मोठा मजकूर घाल. लघुरूपात दुसरं लघुरूपही चालतं. आता पहिलं लघुरूप म्हणजे एक छोटा शब्द, दुसरं म्हणजे पहिलं दहा वेळा, तिसरं म्हणजे दुसरं दहा वेळा, असं करत गेलं की थोड्याच ओळींत त्या शब्दाच्या शंभर कोटी प्रती होतात. फाइल एक किलोबाइटपेक्षा लहान आणि पार्सरच्या पोटात ती फुगून तीन गिगाबाइटच्या घरात जाते. याला ‘बिलियन लाफ्स’ म्हणतात. हसतो तो पाठवणारा, सर्व्हर आडवा होतो. दुसरा प्रकार निःशब्द आहे: लघुरूपाचा अर्थ ‘सर्व्हरवरची अमुक फाइल’ असा द्यायचा. भोळा पार्सर ती फाइल वाचून उत्तरात घालून पाठवतो.

दोन्हीचं मूळ डीटीडी नावाच्या, लघुरूपं ठरवायच्या भागात आहे. सेवेला त्याची गरज नसते. सोपने तर संदेशात डीटीडी असूच नये असा नियमच केला आहे. तेव्हा तो भाग दिसला की संदेश नाकारा. पायथनमध्ये त्यासाठी डिफ्यूज्डएक्सएमएल नावाची तयार लायब्ररी आहे. धडाच्या लांबीलाही वरची मर्यादा घाला. एक आकडा विचारायला कोणाला दहा मेगाबाइट लागत नाहीत.

खरोखरच मोठ्या फायली घ्यायच्या असतील तर पूर्ण झाड मेमरीत बांधू नका. पार्सरला ‘टॅग उघडला, टॅग मिटला’ असं वाचता वाचता सांगायला लावता येतं. आपण हवं तेवढं टिपायचं आणि बाकी सोडून द्यायचं. छोट्या संदेशांना याची गरज नाही.

सव्वाशे

सेवा चालू झाली, पाच-सात जण वापरू लागले, आणि एकाने विचारलं: १२५ ला तुम्ही ‘एकशे पंचवीस’ देता, आम्हाला ‘सव्वाशे’ हवं. १५० ला ‘दीडशे’, २५०० ला ‘अडीच हजार’. मागणी रास्त आहे. पण उत्तर सरळ बदललंत, तर ज्यांच्या पावत्यांवर ‘एकशे पंचवीस’ छापून जातं ते उद्या सकाळी फोन करतील. त्यांना न विचारता तुम्ही करार मोडलात.

मागणीत एक ऐच्छिक टॅग वाढवा:

<मागणी>
  <संख्या>१२५</संख्या>
  <रीत>बोली</रीत>
</मागणी>

‘रीत’ नसेल तर जुनंच उत्तर. जुन्या मंडळींना काही बदललंय हे कळणारही नाही. टॅगचं नाव बदलणं, ऐच्छिक होतं ते सक्तीचं करणं, एकाच टॅगचा अर्थ बदलणं, या तीन गोष्टी मात्र चालत्या सेवेत करू नयेत. करायच्याच असतील तर नव्या पत्त्यावर नवी सेवा उघडावी आणि जुनी काही काळ चालू ठेवावी. उलट बाजूने, दुसऱ्याची सेवा वापरताना अनोळखी टॅग दिसला म्हणून कोलमडू नये. हवं ते नावाने शोधावं. ‘तिसरा टॅग’ असं मोजून घेणारा कोड पहिल्याच बदलात मोडतो.

हे बदल करताना जिवाला घोर नको असेल तर एक फोल्डर ठेवा. आजवर लोकांनी पाठवलेल्या विनंत्यांचे नमुने त्यात एकेका फायलीत, आणि शेजारी अपेक्षित उत्तर. नमुन्यात कोणाची खाजगी माहिती असेल ती आधी पुसा. कोडमध्ये काहीही हलवलं की कर्लने (एचटीटीपीच्या विनंत्या पाठवणारं एक टूल) या सगळ्या फायली सेवेला पाठवायच्या आणि उत्तरं पडताळायची. माझ्या फोल्डरमध्ये ७९ आहे, शून्य आहे, तीन अब्ज आहे, देवनागरी अंकांतला एक आहे, डीटीडीवाला एक आहे. आणि उणे पाच आहे. त्याच्या उत्तरातला फॉल्ट मी अजूनही पार्सरमधून काढून बघतो.